मामाचा हात

आमच्या घरात ताप थर्मामीटरने मोजायची पद्धत नव्हती. मामाला हाक मारायची. मामा यायचा, उजवा हात उलटा करायचा, बोटांची पाठ कपाळाला टेकवायचा आणि निकाल द्यायचा. ‘गार आहे’ म्हणाला की शाळा, ‘गरम आहे’ म्हणाला की अंथरूण. लहानपणी मी पोटदुखीची सोंगं आणली, डोकेदुखीची आणली, पण तापाचं सोंग आणायची माझी कधी छाती झाली नाही. त्या हातापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याने जन्मभर जळक्या मोटारींचं वाइंडिंग केलं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून दिली. पंपाच्या, पंख्याच्या, पिठाच्या गिरणीच्या, कसल्याही. दुकानात मीटर होता, पण तो खिळ्याला टांगलेला असायचा, त्याच्यावर धूळ बसलेली. मामा चालू मोटारीच्या अंगाला बोटांची पाठ लावायचा आणि बेअरिंग गेलंय की तार तापतेय ते सांगायचा. तळवा कधी लावायचा नाही. करंट असला तर तळव्याची मूठ आवळली जाते आणि माणूस चिकटतो. पाठ लावली तर हात आपोआप झटकला जातो, हे त्याने आम्हां भाचरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

दुकान बंद केल्यापासून तो माझ्या ताईकडे राहतो. ते घर बांधलं तेव्हा त्याचं सगळं वायरिंग मामानेच केलं होतं, त्यामुळे तिथे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनचं पाऊल पडणं म्हणजे मामाच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण बल्ब बदलायचा तरी मामाला विचारून. मला या प्रकाराचा मनातून राग यायचा. यायचा आणि गिळायचो, कारण मला विजेतलं कळतं ते एवढंच की बटण दाबलं की दिवा लागतो.

मामाला साखर आहे, बऱ्याच वर्षांची. गेले काही महिने त्याचं एक नवीनच सुरू झालं होतं. चालता चालता एका पायातली चप्पल गळून पडायची आणि त्याला पत्ताच नसायचा. एक चप्पल फाटकापाशी, दुसरी पायात, आणि हा आपला घरभर फिरतोय. ताई म्हणायची, “मामा, चपलेला दोरी बांधून देऊ का?” आम्ही हसायचो, तोही हसायचा.

ताईने इलेक्ट्रिक गाडी घेतली ती हौसेपोटी नाही. भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस, तेही भल्या सकाळी, आणि हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकदा सांगितलेली भाड्याची गाडी आलीच नाही आणि डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी भाऊजींचं तोंड सुजलं, आडवं झालं की श्वास लागायला लागला. डॉक्टर चांगलेच तापले. त्यांनी ताईला दोन गोष्टी बजावल्या. यापुढे एकही पाळी चुकवायची नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे भाऊजींच्या गळ्याखाली डायलिसिससाठी नळी बसवलेली आहे; ताप आला किंवा थंडी वाजली तर पुढच्या पाळीची वाट बघायची नाही, तडक घेऊन यायचं. ताईने मान डोलावली. पुढच्याच महिन्यात दारात गाडी उभी राहिली. ताप बघायला मामा होताच. घरात एक डिजिटल थर्मामीटर होता, पण त्यातला सेल कधीच मेला होता आणि कुणाला त्याची आठवणही नव्हती.

गाडीसाठी मामाने दाराबाहेरच्या ओट्याच्या भिंतीवर नवीन डबा बसवला. लोखंडी डबा, त्यात एक जाड पिनांचं सॉकेट आणि त्याच्या शेजारी त्याचाच एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप खाली पडणारा खटका. भिंतीच्या पलीकडे भाऊजींची खोली. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग तो एमसीबी पडायला लागला.

मी त्या रविवारी दुपारी गेलो तेव्हा घरातलं वातावरण बघूनच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ताई फाटकापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. तिने डोळ्यांनीच गाडीकडे खूण केली. आदल्या दिवशी हॉस्पिटलहून आल्यावर गाडी चार्जिंगला लावली होती. ती लावल्यावर थोड्याच वेळात एमसीबी पडला आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. उद्या सकाळी भाऊजींच्या डायलिसिसची पाळी. जवळचं म्हणतात ते चार्जिंग स्टेशन हॉस्पिटलपेक्षाही लांब, आणि तिथवर जायलाही बॅटरीत जीव नव्हता.

“भाड्याची गाडी सांगून ठेवू?” मी विचारलं.

“मागच्या वेळीही सांगूनच ठेवली होती,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

मी आधी भाऊजींना बघायला आत गेलो. ते भर दुपारी पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. पंखा बंद.

“थंडी वाजतेय का?” मी म्हटलं.

“जराशी. सकाळपासून.” ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “मामांनी बघितलं. गार आहे म्हणाले.”

मामांनी बघितलं म्हटल्यावर विषय संपला. मी बाहेर आलो.

ओट्यावर मामा डब्यासमोर स्टूल टाकून बसला होता. मांडीवर हत्यारांचा पत्र्याचा डबा, एका पायात चप्पल. मला बघून म्हणाला, “या भाचेबुवा. अगदी वेळेवर आलात, आता बसा आणि गंमत बघा.” गंमत वगैरे काही नव्हती. त्याचा चेहरा ओढलेला होता. त्याने खटका वर केला, गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत बसलो. ताई चहा घेऊन आली. आमचा चहा पिऊन झाला, कप आत गेले, आणि खट्. खटका खाली.

“घरात काय चालू आहे?” मामा ओरडला.

ताईने गीझर बंद केला, इस्त्री बंद केली, शेवटी फ्रिजसुद्धा बंद केला. मामाने पुन्हा खटका वर केला. या वेळी चहा पिण्याइतकाही वेळ गेला नाही. मामाने इस्त्री मागवली आणि त्याच सॉकेटला लावून बघितली. इस्त्री आपली मुकाट तापली, खटक्याने काही कुरकुर केली नाही. पुन्हा गाडी लावली. पुन्हा खट्. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा लवकर पडत होता. त्याचा अर्थ काय ते मला कळत नव्हतं.

“खोट गाडीत आहे,” मामाने जाहीर केलं. “या नव्या गाड्यांना रुबाब फार.”

मी न राहवून बोललो, “गाडी बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर नीट चार्ज होते ना, मामा.”

त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणजे खोट माझ्या कामात आहे का, असं विचारणारं ते बघणं होतं. ताईने मध्ये पडून गाडीच्या कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि तो मामाच्या समोर धरला. पलीकडचा माणूस शहाणा होता, घाई करत नव्हता. त्याने गाडीवरचे दिवे कोणत्या रंगाचे आहेत ते विचारलं, एमसीबीवरचा आकडा विचारला, तार किती जाडीची आहे ते विचारलं. सगळं बरोबर निघालं. मग म्हणाला, “काका, आता चार्जिंग चालू असताना डब्याला हात लावून बघा. गरम लागतोय का?”

मामाने खटका वर केला, थोडा वेळ जाऊ दिला, मग बोटांची पाठ एमसीबीच्या तोंडावर टेकवली. तीच ती सवय, कपाळावर टेकवतो तशी.

“गार आहे,” मामा म्हणाला.

“नक्की ना? स्क्रू ढिला असला तर तो तापणार. तापला की भार जास्त नसतानाही खटका पडतो.”

“अहो, हात आहे माझा तिथे. गार आहे.”

“मग एमसीबीच कमजोर झाला असेल. तेवढ्याच आकड्याचा नवा टाका.” मेकॅनिकने फोन ठेवला आणि डब्यातून पुन्हा खट् असा आवाज आला.

मामाच्या पत्र्याच्या डब्यात तेवढ्याच आकड्याचा एक नवा एमसीबी होता. दुसरा होता दुप्पट आकड्याचा. मामाने दोन्ही हातात घेतले आणि मोठा पसंत केला. “छोटा टाकला आणि रात्री पुन्हा पडला तर? मोठा टाकू. तार दणकट आहे, गार आहे, तिला काही होत नाही. मग हा पडायचं नाव घेणार नाही.”

मला विजेतलं कळत नाही, पण पडणारी गोष्ट पडूच द्यायची नाही हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भिंतीपलीकडे झोपायला भाऊजी होते. मी ताईकडे बघितलं, ताईने मामाकडे. ती पार थकली होती. तिला सकाळी भरलेली गाडी हवी होती, बस्स. “तू म्हणशील तसं, मामा,” ती म्हणाली आणि आत गेली.

“मोठा टाकायच्या आधी शेवटचं एकदा बघून घेतो,” मामा म्हणाला. त्याने खटका वर केला, हात उलटा करून एमसीबीवर ठेवला आणि तसाच ठेवून मला समजावायला लागला. पूर्वी पंपाच्या मोटारी कशा यायच्या, लोक फ्यूजच्या जागी वाटेल ती तार कशी घालायचे, त्याने ते कसं बंद पाडलं. मी हूं हूं करत होतो. बोलण्याच्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या नाकात एक वास शिरला. तव्यावर प्लास्टिकचं झाकण राहून गेलं की येतो तसा. मी वाकून बघितलं तर खटक्याच्या कडेचं पांढरं प्लास्टिक पिवळट दिसत होतं. मी बोट लावलं आणि चटका बसून हात असा मागे ओढला की माझं कोपर भिंतीवर आपटलं.

मामाचा हात तिथेच होता. चारी बोटं टेकलेली. तो बोलत होता.

“मामा, हात काढ.”

“का रे?”

“मामा, हात काढ म्हणतो ना.”

माझा आवाज ऐकून त्याने हात उचलला, आणि त्याच वेळी खटका पडला. त्याच्या बोटांच्या पाठी लालभडक झाल्या होत्या. मधल्या दोन बोटांवर कातडी पांढरी पडून फुगत होती. त्याने हात डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसा तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताच्या नखाने तो फोड दाबून बघितला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुखलंच नव्हतं त्याला.

मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, आणि तितकंच रडूही आलं. मी धावत जाऊन पाण्याचं भांडं आणलं, त्याचा हात त्यात बुडवला. तो लहान मुलासारखा बसून राहिला. ताई आवाजाने बाहेर आली, भांड्यात हात बघितला आणि एक फडकं भिजवून घेऊन आली.

मग मामा म्हणाला, “मेन बंद कर. डबा तू उघड. मी सांगतो तसं कर.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला पेचकस दिला. मी मेन बंद केलं, त्याने टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री करायला सांगितलं, ती केली, झाकण काढलं. एमसीबीच्या खालच्या बाजूची तार काळी पडली होती, तिच्यावरचं आवरण वितळून आक्रसलं होतं. गार झाल्यावर मी तिथला स्क्रू फिरवला. तो पेचकसाने फिरवायची गरजच नव्हती, चिमटीत फिरत होता.

“ढिला आहे?” मामाने विचारलं.

“हो.”

“मीच आवळला होता.” त्याने त्या काळ्या तारेकडे बघितलं. “घट्ट लागला होता मला.”

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी जळकं टोक कापलं, तार स्वच्छ सोलली, जुना एमसीबी काढला. नव्यासाठी हात पुढे केला तेव्हा त्याने मोठा बाजूला ठेवला आणि लहान माझ्या हातावर ठेवला. “मोठा टाकला असता तर हा पडलाच नसता,” तो म्हणाला. “भिंत पेटेपर्यंत पडला नसता.” ताईने ते ऐकलं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

मी स्क्रू आवळला, आणखी आवळला, तार ओढून बघितली, पुन्हा आवळला. ताईने गाडीत बसून समोरच्या स्क्रीनच्या पडद्यावर चार्जिंगचा भार कमी केला; हळू भरेल पण भरेल. खटका वर केला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“हात लाव,” मामा म्हणाला. “पाठ लाव. कसा आहे?”

“गार आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

“गार.”

ऊन उतरलं, ओट्यावर सावली आली, आणि हा खेळ चालूच होता. तो विचारायचा, मी हात लावायचो, त्याच्या तोंडचा शब्द माझ्या तोंडून निघायचा. त्याचा स्वतःचा हात ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर पडला होता. खटका पडला नाही. जरासा कोमट होऊन तो तसाच टिकला. ताईने सुटकेचा श्वास सोडला आणि दिवेलागणीचा चहा टाकायला गेली. मीही पाय पसरले. वाटलं, सुटलो.

मामा मात्र त्या फडक्याकडे बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. तो एकदम उठला, स्टूल कलंडलं. उरलीसुरली चप्पलही दारात टाकून तो अनवाणी आत गेला.

“भाचेबुवा!” भाऊजींच्या खोलीतून हाक आली. ती थट्टेची हाक नव्हती.

मी धावलो. मामा पलंगापाशी उभा होता. भाऊजी पांघरुणात गुरफटून कुडकुडत होते, दात वाजत होते. मामाने हात पुढे केला होता, पण कपाळावर ठेवला नव्हता. मध्येच अडला होता.

“तू लाव,” तो मला म्हणाला. “मी सकाळी लावला होता. तू लाव.”

मी बोटांची पाठ भाऊजींच्या कपाळाला टेकवली.

“मामा, भाजतंय.”

मामाने डोळे मिटले. मग जे त्याला करता येण्यासारखं होतं ते त्याने झपाझप केलं. ताईला हाक मारली, पांघरुणासकट भाऊजींना उठवून बसवलं, हॉस्पिटलची पिशवी खुंटीवरून काढली. ताईला रडायलाही सवड नव्हती. तिने गाडीचा पडदा बघितला. “जाण्यापुरतं आहे,” ती म्हणाली. “येण्याचं येताना बघू.” मी प्लग काढला. काढतानाही आपोआप त्याला हाताची पाठ लागली, गार होता.

सगळ्या रस्त्याने मामा मागच्या सीटवर भाऊजींना खांद्याशी धरून बसला होता. मी पुढे. दर वळणाला तो म्हणायचा, “बघ रे,” आणि मी मागे वळून कपाळाला हात लावायचो. “आहे तसाच आहे,” असं सांगायचो. त्याआधी आख्ख्या जन्मात मामाने ताप कुणाला विचारलेला मी पाहिला नव्हता.

भाऊजी अर्धवट ग्लानीत म्हणाले, “मामा, तुमचा काही दोष नाही.”

“बोलू नका जावईबापू,” मामा म्हणाला. “श्वास घ्या.”

नळीत जंतू झाले होते आणि ते रक्तात उतरले होते. डॉक्टरांनी नळी काढली, औषधं चालू केली. रात्र काढून सकाळी पाळीला आणलं असतं तर काय, असं ताईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “आणलंत ना, मग आता तो विचार कशाला.” भाऊजी बरेच दिवस तिथे राहिले, आणि घरी आले. मामाच्या हाताचंही तिथेच ड्रेसिंग करून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायांना, बोटांना पिसाने, सुईने स्पर्श करून बघितलं आणि विचारलं, “कधीपासून कळत नाही?” मामा म्हणाला, “कळत नाही हेच कळलं नाही.” कोणाला हसू आलं नाही. मला त्या गळणाऱ्या चपला आठवत होत्या.

आता गाडीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढलेली आहे. ती बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने ओढली. त्याला बोलावलं मामानेच, आणि काम चालू होतं तितका वेळ तो खुर्चीत बसून तोंड मिटून बघत राहिला. त्याच्यासाठी ते किती जड होतं हे आम्हांलाच माहीत. थर्मामीटरमध्ये नवीन सेल आहे.

तरी डायलिसिसच्या दिवशी निघण्याआधी भाऊजी दारात थांबतात आणि मामापुढे कपाळ करतात, पूर्वीसारखंच. मामा बोटांची पाठ टेकवतो. ताई थर्मामीटर लावते आणि आकडा मोठ्याने वाचते. तो वाचून होईपर्यंत मामा काही बोलत नाही आणि हातही काढत नाही.